वानराचा धर्म कोणता?

बोरिवली (पूर्व)

चि. सानिका हिस,


तुझा लांबलचक मेसेज पोचला. उत्तर कागदावर देतोय, कारण एवढं सगळं फोनवर लिहायला माझा अंगठा तयार नाही. आधी 'ब्लॅक मिथ: वूखाँग' हा गेम खेळलीस, मग त्यातलं माकड आलं कुठून म्हणून आर्थर वेली यांचं 'मंकी' वाचायला घेतलंस, हे ऐकून बरं वाटलं. गेमच्या निमित्तानं चारशे वर्षांपूर्वीचं पुस्तक कुणी उघडत असेल तर मी गेमला पुन्हा नावं ठेवणार नाही. निदान तुझ्या आईसमोर तरी नाही.

तुझा प्रश्न असा, की पुस्तकात बुद्ध आहे, स्वर्गात लाओत्से भट्टी पेटवून बसलाय, खाली यमाचा दरबार आहे, आणि जो तो राजनिष्ठा नि गुरुभक्तीच्या गोष्टी करतोय. मग हे पुस्तक नक्की कुठल्या धर्माचं? अगं, हाच प्रश्न घेऊन चिनी पंडित दोन-तीनशे वर्षं भांडले. 'पश्चिमेची यात्रा' या कादंबरीची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील प्रत १५९२ सालची, नानजिंगची. शंभर अध्याय आहेत, पण लेखकाचं नावच नाही. नाव नाही म्हटल्यावर मालकी सांगायला सगळे धावले. ताओपंथीयांनी म्हटलं, हे आमच्या छिऊ छू-चीचं. हा साधू चंगीझखानाला भेटायला मध्य आशियापर्यंत गेला होता आणि त्या प्रवासाचं वर्णन त्याच्या शिष्यानं लिहिलं होतं. त्याचंही नाव नेमकं हेच! नावं जुळली, दावा पक्का झाला. सतराव्या शतकातल्या एका आवृत्तीनं तर तसं छापूनच टाकलं. पुढं अठराव्या शतकात चांग शू-शन नावाच्या टीकाकारानं अध्यायागणिक दाखवून दिलं, की हे मुळात कन्फ्यूशियसच्या शिकवणीचं, मन सरळ करण्याचं पुस्तक आहे. बौद्धांना काही सिद्धच करायचं नव्हतं. भिक्षू सूत्रं आणायला भारतात निघालाय, यापेक्षा आणखी काय पुरावा हवा?

विसाव्या शतकात लू शुन आणि हू शी या दोघांनी वू छंग-अन या लेखकाचं नाव पुढं आणलं आणि आता तेच चालतं. हू शी यांनी आणखी एक केलं. हे सगळे गूढार्थ बाजूला सारा, ही धमाल विनोदी कादंबरी आहे, ती तशीच वाचा, असा त्यांचा सूर. मला ते अर्धंच पटतं. विनोद आहेच, पण तो विनोद कुणाच्या जिवावर चाललाय ते कळायला तिन्ही घरं माहीत असावी लागतात.

एक प्रसंग जरा जवळून बघ. थांग सम्राट थाय-त्सुंग मरतो आणि परत येतो, तो भाग. चिंग नदीच्या नागराजाला वरून, जेड सम्राटाकडून, पावसाचा हुकूम येतो. कुठल्या घटकेला पडायचं, किती पडायचं, सगळं ठरलेलं: तीन फूट तीन इंच आणि वर अठ्ठेचाळीस थेंब. सांताक्रूझच्या वेधशाळेलाही हेवा वाटावा! एका ज्योतिष्याशी लावलेली पैज जिंकायची म्हणून हा नागराज तीन इंच आठ थेंब पाऊस कमी पाडतो. एवढ्यासाठी त्याला देहदंड होतो. सम्राट त्याला वाचवायचं वचन देतो, पण ते त्याच्या हातून पाळलं जात नाही, आणि नागराज थेट यमाच्या दरबारात फिर्याद लावतो. सम्राटाला बोलावणं येतं.

निघताना त्याचा प्रधान वै जंग त्याच्या हातात एक चिठ्ठी देतो. खाली दप्तर सांभाळणारा त्स्वेइ हा हयात असताना सरकारी अधिकारी होता, वै जंगचा जुना मित्र. चिठ्ठी वाचून तो वही काढतो. सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष तेरावं, आणि तिथंच आयुष्य संपतंय. त्स्वेइ घाईघाईनं कुंचला घेऊन 'एक' या आकड्यावर दोन रेघा ओढतो. तेराचे तेहतीस होतात. दहा यमराजे वही तपासतात, म्हणतात, अजून वीस वर्षं आहेत, जाऊ द्या यांना. तालुका कचेरीत ओळखीच्या कारकुनाला चिठ्ठी घेऊन जाणं ज्यानं पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता यात काय काय आहे ते बघ. यम आपला, वेदांपासूनचा. तो बौद्ध ग्रंथांचा हात धरून चीनला गेला. पापपुण्याचा हिशोब आणि भुकेली पिशाचं ही बौद्धांची. पाऊस मोजून मागवणारा स्वर्ग ताओपंथी आणि लोकदैवतांचा. आणि वही, शिक्का, दर्जा, मेल्यावरही न सुटणारी मैत्री आणि राजाबद्दलचं कर्तव्य हे सगळं कन्फ्यूशियसच्या मुशीतल्या नोकरशाहीचं. परत येताना पिशाचं सम्राटाला अडवतात, म्हणून जगात परतल्यावर तो मृतांसाठी मोठा विधी करतो. त्या विधीला प्रमुख म्हणून ज्याची निवड होते तोच आपला श्वेन-त्सांग. म्हणजे ज्या महायात्रेवर अख्खी कादंबरी उभी आहे ती मुळात एका कारकुनानं वहीत केलेल्या खाडाखोडीतून निघाली. लेखकाला तिन्ही पंथांबद्दल आदर आहे आणि तिन्हींची टोपी उडवायची हिंमतही आहे. मला वाटतं, सगळं मर्म इथं आहे.

आणि बुद्धालाही तो सोडत नाही. शेवटी एवढा जीव धोक्यात घालून मंडळी पोचतात, तर आनंद आणि काश्यप, म्हणजे बुद्धाचे थोर शिष्य, आधी विचारतात, भेट काय आणलीत? काही नाही म्हटल्यावर कोऱ्या गुंडाळ्या हातात ठेवतात. तक्रार केली तर बुद्ध हसतो. म्हणतो, सूत्रं फुकट द्यायची नसतात, मागं एकदा फार स्वस्तात दिली होती. शेवटी भिक्षूचं सोन्याचं भिक्षापात्र दिल्यावर लिहिलेली सूत्रं मिळतात. मात्र जाता जाता बुद्ध हेही सांगतो, की कोऱ्या गुंडाळ्या हीच खरी सूत्रं. तुम्हा लोकांना ती वाचता येत नाहीत, त्याला इलाज नाही. लाचखोरीचा विनोद आणि शून्यतेचं तत्त्वज्ञान एकाच पानावर. हे जमायला लेखक फार धीट असावा लागतो.

आता छ-छ राज्याचा भाग पुन्हा काढून वाच, चव्वेचाळीस ते सेहेचाळीस अध्याय (वेलींच्या संक्षेपात क्रमांक वेगळे आहेत). तिथं तीन ताओपंथी राजाच्या मर्जीतले, आणि बौद्ध भिक्षू वेठीला धरलेले. वानर, डुक्कर आणि शा भिक्षू रात्री मंदिरात शिरतात, तीन परमदेवांच्या मूर्ती उचलून शौचकूपात टाकतात, स्वतः त्यांच्या जागी बसून नैवेद्य खातात आणि तीर्थ म्हणून जे देतात ते मी इथं लिहीत नाही. पुढं स्पर्धा होतात, तिघेही साधू मरतात आणि त्यांची खरी रूपं दिसतात: वाघ, हरीण आणि बोकड. इथं एखाद्या कट्टर बौद्ध लेखकानं ताओपंथाला राज्याबाहेर काढलं असतं. हा लेखक वानराच्या तोंडून राजाला काय सांगवतो? भिक्षूंनाही मान दे, ताओपंथीयांनाही दे आणि विद्वानांनाही पोस. मग तुझं राज्य टिकेल. मूर्ती शौचकूपात टाकणाराच हे सांगतो.

हे समजूतदारपण चीनला आयतं मिळालेलं नाही. ८१९ साली हान यू या थोर गद्यकारानं बुद्धाच्या अस्थींच्या मिरवणुकीविरुद्ध सम्राटाला इतकं जहाल निवेदन दिलं, की त्याला दूर दक्षिणेत हद्दपार व्हावं लागलं. पुढं ८४५ साली सम्राट वू-त्सुंगनं हजारो विहार पाडले आणि अडीच लाखांवर भिक्षू-भिक्षुणींना संसारात ढकललं. या भांडणांनंतर कित्येक शतकांनी, मिंग काळात, तिन्ही मतं मुळात एक आहेत असं म्हणणारे लोक निघाले. लिन चाव-अन नावाच्या एकानं तर तिघांचं मिळून एक वेगळं पीठच काढलं. मला स्वतःला त्या पीठापेक्षा ही कादंबरी जास्त शहाणी वाटते. पीठ म्हणतं तिघे एकच आहेत. कादंबरी म्हणते, तिघे वेगळे आहेत, एकमेकांना टोचतात, पण एका घरात राहतात. एकत्र कुटुंबात तीन सुना असाव्यात तसं. भांड्याला भांडं लागणारच, पण चूल एक.

'लाल महालाचं स्वप्न' ही दुसरी चिनी कादंबरी तू पुढं वाचशीलच. तिथं हेच सगळं विनोदाशिवाय आहे. नायक पाव-यू वडिलांसाठी सरकारी परीक्षा देतो, उत्तीर्ण होतो, घराण्याला वारस देतो आणि मग एक बौद्ध भिक्षू नि एक ताओपंथी साधू अशा दोघांबरोबर निघून जातो. आधी ऋण फेडायचं, मगच सुटायचं.

आता चीनमधून घरी ये. तुमच्या मुलुंडच्या आणि आमच्या बोरिवलीच्या मधे जो डोंगर आहे, ज्याच्या पोटातून आता ठाणे-बोरिवली बोगदा काढतायत, त्याच डोंगरात कान्हेरी आहे. शाळेच्या सहलीला गेली असशील, माकडांनी डबा पळवला एवढंच लक्षात असेल. पुन्हा जा, आणि नव्वद क्रमांकाची लेणी शोध. तिथं भिंतीवर अवलोकितेश्वर उभा कोरलाय आणि त्याच्या भोवती लहान लहान प्रसंग: कुणावर हत्ती धावून येतोय, कुणावर सिंह, कुठं साप, कुठं आग, कुणाचं जहाज बुडतंय. प्रत्येकात माणूस हात जोडून हाक मारतोय आणि बोधिसत्त्व सोडवायला येतोय. जहाज का, ते उघड आहे. सोपारा आणि कल्याण ही बंदरं हाकेच्या अंतरावर होती, आणि कान्हेरीच्या दानलेखांत त्या गावचे व्यापारी भेटतात.

हाच अवलोकितेश्वर चीनमध्ये गेल्यावर स्त्रीरूप घेऊन ग्वान-यिन झाला. तुझ्या वानराच्या डोक्यावरचं आवळणारं कडं जिच्या युक्तीनं बसलं आणि प्रत्येक संकटात तो जिच्याकडं धावतो, ती हीच. खरा श्वेन-त्सांग, म्हणजे आपला ह्युएन त्संग, साधारण ६४१ साली महाराष्ट्रात येऊन गेला. कान्हेरीचं नाव तो घेत नाही. पण पुलकेशीच्या राज्यात शंभरावर विहार आहेत आणि देवांची देवळंही तितकीच आहेत, हे त्यानं नोंदवून ठेवलंय. म्हणजे मिश्र वस्ती त्यालाही दिसली होती.

कान्हेरीच्या त्याच नव्वद क्रमांकाच्या लेणीत आणखी एक गंमत आहे. पहलवी लिपीतले लेख. १००९ आणि १०२१ साली पारशी मंडळी इथं येऊन आपली नावं कोरून गेली. बौद्ध भिंत, अग्निपूजक पाहुणे. आणि त्याच्या आधी, शके ७६५ ते ७९९ या काळातले कान्हेरीतले इतर लेख राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या राज्यातले आहेत. त्याचे मांडलिक शिलाहार, त्यांच्या अमलात भिक्षूंच्या वस्त्रांसाठी, ग्रंथांसाठी द्रम्म ठेवले गेले. एक दाता तर पार गौड देशाचा, म्हणजे बंगालचा. हा अमोघवर्ष स्वतः जैन आचार्य जिनसेनांना गुरू मानणारा. आणि प्रजेवरचं संकट टळावं म्हणून त्यानं स्वतःचं बोट कापून महालक्ष्मीला वाहिलं, असं संजाणच्या ताम्रपटात लिहिलंय. गुरू जैन, बोट महालक्ष्मीला आणि राज्यात दानं बौद्धांना! याचा धर्म कोणता, हे तू मला सांग.

अवलोकितेश्वराची गोष्ट इथंच थांबत नाही. नेपाळात, पाटणला, तो मच्छिंद्रनाथ म्हणून रथात बसतो. बौद्धांचा करुणामय आणि नाथांचा आदिगुरू एकाच मूर्तीत. मच्छिंद्राचा शिष्य गोरक्ष, पुढं गहिनी, मग निवृत्तिनाथ आणि मग ज्ञानदेव. ही परंपरा ज्ञानदेवांनीच शके १२१२ च्या आपल्या ग्रंथात सांगितली आहे. गीता वैष्णवांची, परंपरा आदिनाथ शिवापासूनची आणि सहाव्या अध्यायात कुंडलिनीचा नाथपंथी योग. चीनच्या तीन घरांचं कौतुक करताना आपल्या घरातलं हे विसरू नकोस.

आणि ज्या शतकात नानजिंगला ती कादंबरी छापली गेली, त्याच शतकात पैठणला एकनाथ लिहीत होते. १५९९ साली ते गेले. त्यांचं 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड वाचलं नसशील तर लाज वाटू दे. त्यात दोघं एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ टिंगल करतात, अगदी वर्मावर बोट ठेवतात आणि भांडून भांडून शेवटी गळामिठी घालतात. छ-छ राज्याच्या गोष्टीशी याचं नातं जवळचं आहे. एकमेकांच्या पायातला काटा दोघांनाही ठाऊक असतो, म्हणून ती मिठी खरी वाटते. नुसतं 'सगळे धर्म सारखेच' म्हणत मारलेली मिठी फार तर निवडणुकीच्या फ्लेक्सवर शोभते.

आता दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पत्र संपवणं बरं नाही. आमच्याकडून रिक्षानं जाण्याइतक्या अंतरावर मंडपेश्वर आहे. शैव लेणी, आत नाचणारा शिव. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी तिथं चर्च केलं, वर मठ बांधला आणि लेण्याच्या भिंतीवरच्या जुन्या शिल्पावर मोठा क्रूस कोरला. पुढं १७३७ च्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडं आली. आज खाली शिवरात्रीला गर्दी होते, वर मठाचे भग्नावशेष आहेत आणि शेजारच्या वस्तीचं आय. सी. कॉलनी हे नाव तिथल्या चर्चवरून आलेलं. फोटोत हे सगळं संगमासारखं छान दिसतं. पण मी त्याला संगम म्हणणार नाही. एकाची मूर्ती तासून त्यावर दुसऱ्याची खूण, हे मिसळणं नसतं. त्याच पोर्तुगीज अमलात, १६१६ साली, गोव्यात राचोलला फादर स्टीफन्सनं मराठी ओवीत रचलेलं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. बाटलेल्या लोकांना पुराणाची सवय होती म्हणून. हेतू धर्मप्रसाराचाच; पण भाषा आणि घाट आपला ठेवला. तिथं निदान आपला घाट ओळखू येतो. म्हणून एक शिवलेला जोड आहे आणि दुसरा पुसलेला फळा.

बाबासाहेबांनीही हाच प्रश्न वेगळ्या टोकानं विचारला. आपल्या जुन्या पंचांगांत विष्णूचा नववा अवतार बुद्ध म्हणून विठ्ठलाचं चित्र असायचं. आणि विठ्ठल मुळात बुद्धच, असं बाबासाहेब १९५४ साली देहूरोडला म्हणाले. पण १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. ज्याला अवतार म्हणून पोटात घेतलं जातं त्याचं स्वतःचं म्हणणं कुणी ऐकत नाही, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. मिश्रण कोण करतंय आणि मिसळला जाणारा बोलू शकतोय का, हे आधी बघायचं. चिनी कादंबरीत बुद्धही बोलतो, लाओत्सेही बोलतो, आणि कारकूनही आपलं काम करून जातो. तिघांपैकी कुणाचाच आवाज लेखक बंद करत नाही, आणि म्हणूनच तिघेही तिच्यावर हक्क सांगू शकले.

तेव्हा तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: पुस्तक तिघांचं आहे, आणि त्या तिघांची थट्टा ज्याला सुचली त्या निनावी माणसाचं सर्वांत जास्त. वानर मात्र हनुमानावरून आला असं हू शी म्हणायचे आणि लू शुन म्हणायचे, छे, तो चीनचाच जुना जलवानर. त्या वादात तू पडू नकोस. आपल्याला हनुमान आवडतो म्हणून आपण पुराव्याशिवाय हू शींच्या बाजूनं जाऊ.

वेलींनी शंभरातले तीसच अध्याय घेतले आहेत आणि कविता जवळजवळ सगळ्या वगळल्या आहेत. ताओपंथी किमया आणि बौद्ध शून्यता त्या कवितांतच जास्त आहे. त्या काढल्या की फक्त विनोद उरतो. पूर्ण अनुवाद अँथनी यू यांचा, चार खंडांचा. माझ्याकडं पहिला आणि चौथा आहे. छ-छ राज्य दुसऱ्या खंडात येतं, तो तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मिळाला तर घेऊन ये. सोमवारी कान्हेरीचं उद्यान बंद असतं, तेवढा वार टाळ. आईला नमस्कार नको, आशीर्वादच सांग. माझ्यापेक्षा लहान आहे ती.

तुझे,
अण्णाआजोबा